शक करायचे दोन टक्के

कुठल्याही परक्या घरात पाऊल टाकलं, की फौजी आधी पाणी मागायचा. आणि आलेलं पाणी प्यायचा नाही. ग्लास हातात धरून पाच-दहा मिनिटं उभा राहायचा, मालकाशी इकडच्या तिकडच्या गप्पा मारायचा, आणि निघताना ग्लास तसाच भरलेला टेबलावर ठेवून द्यायचा. भर मे महिन्यात फरीदाबादच्या उन्हात स्कूटर हाणत आलेला माणूस समोरचं गार पाणी पीत नाही, हे पाहून माझ्या आईला पहिल्याच दिवशी संशय आला. "ह्याचं काहीतरी काळंबेरं आहे," ती माझ्या कानाशी पुटपुटली. आईला संशय येणं ही आमच्या घरातली काही मोठी घटना नव्हती. दूधवाला, धोबी, गॅसवाला, सगळे तिच्या संशयाच्या चाळणीतून रोज जायचे. पण फौजीवरचा तिचा संशय सतरा वर्षं टिकला, आणि तेवढा दुसरा कुठलाच टिकला नाही.

फौजी प्रॉपर्टी डीलर होता. फरीदाबादच्या नव्या सेक्टरच्या मार्केटात त्याचं एक चिंचोळं दुकान होतं आणि पाटीवर 'मकान' एवढा एकच शब्द होता. तो मूळचा रोहतकच्या बाजूचा. पण लष्करात क्लार्क म्हणून त्याची बरीच वर्षं देवळालीला गेली होती आणि तिथून तो पेन्शनबरोबर मराठीही घेऊन आला होता. ते मराठी अगदी लष्करी होतं. "घर चांगला आहे, पण मालक चांगली नाही," असलं काहीतरी तो बिनदिक्कत बोलायचा. दिल्लीत उभं आयुष्य काढलेल्या मराठी माणसाला बाजारात कोणी मराठीत बोललं की गहिवरून येतं. आईचं उलट. "आपल्या भाषेत बोलून जो जवळ येतो ना, त्याच्यापासून चार हात लांब राहावं," ती म्हणाली. तोंडावर आम्ही त्याला 'फौजीसाहेब' म्हणायचो. पाठीमागे मात्र त्याचं नाव 'दोन टक्के' पडलं, आणि तेही एकेरीत.

हे नाव का पडलं ते सांगायचं तर आधी बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा सरकारी हिशेबतपासणीत होते. माझं सगळं बालपण दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं आणि त्या क्वार्टरमध्येही कार्यालयाचेच नियम चालायचे. कूलर घ्यायचा तर तीन कोटेशनं. माझे शाळेचे बूट घ्यायचे तरी तीन दुकानं, आणि मग जो स्वस्त त्याच्याकडून. माझ्या लग्नासाठी स्थळं बघायला लागले तेव्हा मी त्यांना स्पष्ट सांगून टाकलं होतं की, बाबा, इथे कृपा करून सर्वांत कमी रकमेचं टेंडर मंजूर करू नका. ते हसले होते, पण मला वाटतं, त्यांनी तेव्हाही मनातल्या मनात तक्ता केलेला असणार.

त्यांच्या निवृत्तीला वर्ष उरलं तसा घरात एकच विषय सुरू झाला. निवृत्तीनंतर क्वार्टर काही महिने ठेवता येतं, मग खाली करावंच लागतं. नाहीतर दंडाचं भाडं सुरू होतं आणि नोटिसा येतात. पुण्याला परत जायचं नाही, हे ठरलं होतं, कारण माझी नोकरी इथे होती. देशात नुकतेच नवे वारे सुटले होते. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती यायच्या, गुडगावला काचेच्या इमारती उठायला लागल्या होत्या, आणि मी अशाच एका नव्या कंपनीत चिकटले होते. माझा पगार बाबांच्या पगाराच्या बरोबरीला आला होता. बाबांनी त्याबद्दलही एकदा संशय व्यक्त केला होता. थोडक्यात, बाबांच्या हातात आयुष्यभराचा फंड पडणार होता, तो सगळाच्या सगळा एका घरात जाणार होता, आणि ते घर चुकलं तर दुसरं घेण्याची सोय नव्हती.

दिल्लीतलं घर त्या फंडात बसत नव्हतं म्हणून फरीदाबाद ठरलं, आणि बाबांनी अर्थातच तिथले तीन डीलर गाठले. आणि मग, मला आजही डोळ्यांपुढे दिसतं, जेवणाच्या टेबलावर पट्टी घेऊन त्यांनी तुलनात्मक तक्ता आखला. पहिला डीलर घेणाऱ्याकडून एक टक्का मागत होता. दुसरा म्हणत होता, "आपसे क्या लेना अंकलजी, आप तो बुज़ुर्ग हैं." म्हणजे शून्य. तिसरा फौजी. तो दोन टक्के मागत होता आणि एक पैसाही कमी करायला तयार नव्हता.

"दोन कशाचे?" बाबांनी त्याच्या दुकानात बसून विचारलं होतं. मी शेजारीच होते. "सगळा बाजार एक घेतो. काही जण तर काहीच घेत नाहीत."

"साहेब, जो काहीच घेत नाही, तो जेवतो कुठे?" फौजी म्हणाला. "विकणाऱ्याकडे जेवतो. मग गाणा कोणाचा गाणार? मी विकणाऱ्याकडून चहासुद्धा घेत नाही. एका बाजूचा घेतो, म्हणून दोन."

"पण घर दाखवण्याचे दोन टक्के म्हणजे..."

"दाखवायचे पैसे नाहीत, साहेब. दाखवतो तो फुकट. मी शक करायचे पैसे घेतो."

बाबांना हे फारच लागलं. "शक करायला आम्ही काय मेलो आहोत?" ते घरी येताना स्कूटरवर मागे वळून मला म्हणाले. "माझी पस्तीस वर्षं त्यातच गेली. माझ्यापेक्षा जास्त संशय हा करणार? आणि वर पैसे?" आईचं म्हणणं याच्याही पुढचं होतं. एका बाजूचे घेतो म्हणतोय, याचाच अर्थ दोन्ही बाजूंचे घेतो. नाहीतर मुद्दाम सांगितलं कशाला असतं? तक्त्याखाली बाबांनी शेरा मारला, 'क्र. २ सर्वांत कमी. शिफारस करण्यात येत आहे.' आईने मान डोलावली. मीही डोलावली, खोटं कशाला बोलू.

शून्यवाल्याने पंधरा दिवसांत फ्लॅट दाखवला. सोसायटीतला, दुसऱ्या मजल्यावरचा, उजेडाचा. मूळ सभासदाने मुखत्यारपत्र करून तो एकाला दिला होता आणि तो आता आम्हाला विकत होता. त्या काळी निम्मी दिल्ली अशी मुखत्यारपत्रावरच विकली जायची, त्यामुळे त्यात कोणाला वावगं वाटत नसे. बाबांनी तीन रात्री कागद तपासले. शिक्के, सह्या, नोटरी, भरलेल्या हप्त्यांच्या पावत्या, सगळं क्रमवार लावलेलं. इतकी नीटनेटकी फाइल आपल्या खात्यातही बघायला मिळत नाही, असं ते कौतुकाने म्हणाले. सोमवारी बयाना द्यायचा ठरला, म्हणजे आपल्याकडचा विसार.

रविवारी सकाळी, बाजारातून बातमी लागून, फौजी आमच्या क्वार्टरच्या दारात उभा. आत या म्हटलं तरी येईना.

"साहेब, मूळ मालकाला भेटलात?"

"भेटायचं काय कारण? मुखत्यारपत्र आहे, पावत्या आहेत, कागद पूर्ण आहेत."

"कागद सगळ्यांचे पूर्ण असतात, साहेब. आदमी अधूरा निकलता है. हा घर माझ्याकडेही आला होता. मी पाणी मागितला, तर त्या माणसाने ग्लास शोधायला तीन कपाटं उघडली. ज्याला आपल्या घरातला ग्लास सापडत नाही, ते घर त्याचा नाही. मूळवाल्याला एकदा डोळ्यांनी बघा, मग पैसे द्या."

एवढं बोलून तो गेला. आई दार लावता लावता म्हणाली, "धंदा हातचा गेला म्हणून विष कालवायला आला." बाबांनाही तेच वाटलं. हरलेला टेंडरवाला तक्रार करतोच, हा त्यांचा कार्यालयातला अनुभव होता, आणि अशा तक्रारी कुठे ठेवायच्या हेही त्यांना माहीत होतं. सोमवारी बयाना दिला.

तीन आठवड्यांनी बाबा आणि मी नाव बदलण्याची चौकशी करायला सोसायटीच्या ऑफिसात गेलो. तिथल्या म्हाताऱ्या सेक्रेटरीने कागदावरचं मूळ सभासदाचं नाव वाचलं, चष्मा काढला आणि आमच्याकडे पाहिलं. "ये तो गुज़र गए. दो साल हो गए." त्यांच्या मुलांनी हक्क सांगणारं पत्रही सोसायटीला दिलं होतं. माणूस गेला की त्याने दिलेलं मुखत्यारपत्रही त्याच्याबरोबर जातं, हे बाबांना माहीत होतं. दुसऱ्या कोणाच्या फायलीत असतं तर त्यांनी ते पहिल्या पानावर पकडलं असतं. पण माणूस गेला आहे हे त्या फायलीत कुठेच लिहिलेलं नव्हतं, आणि जे फायलीत नाही ते बघायची त्यांना सवय नव्हती.

ज्याने बयाना घेतला तो पसार झाला होता. शून्यवाला डीलर मात्र आपल्या दुकानात शांतपणे बसलेला सापडला. बाबांचा आवाज चढला, तसा तो म्हणाला, "अंकलजी, मैंने तो सिर्फ़ मिलवाया था. आपने मुझे कोई फ़ीस दी है क्या?"

बाबा बाहेर आले आणि दुकानाच्या पायरीवर बसले. धुळीची, उन्हाची पायरी. इस्त्रीच्या पॅन्टची इतकी काळजी घेणारा माणूस, पण बसले. मला तेव्हा पहिल्यांदा त्यांच्याकडे बघून भीती वाटली. क्वार्टर सोडायला पाच महिने उरले होते.

तिथून ते उठले आणि सरळ फौजीच्या दुकानात गेले. मला वाटलं होतं, तो 'मी सांगितलं होतं' म्हणेल. त्याने फक्त खुर्ची पुढे केली, पंख्याचं तोंड बाबांकडे वळवलं.

"दोन टक्के मंजूर," बाबा म्हणाले. "पण पावती लागेल."

"पावती देतो. पण मी नाही बोललो तर नाही. मग वहिनींना कितीही आवडू दे."

वहिनींना आवडलंच. चौथं की पाचवं घर होतं, समोर कडुनिंबाचं झाड, स्वयंपाकघराला खिडकी, मोठी बाल्कनी. आई त्या बाल्कनीत जाऊन उभी राहिली तीच मुळी तुळस कुठे ठेवायची हे ठरवून. फौजीने पाणी मागितलं. मालकाची बायको घेऊन आली, ग्लास दिला आणि आत निघून गेली. फौजी ग्लास ठेवून बाहेर आला आणि म्हणाला, "नाही."

"आता काय झालं?" आई.

"बाईंनी वर बघितला नाही. त्यांना विकायचा नाही. सही करायच्या दिवशी रडतील."

हे काय कारण झालं? आईचा संताप झाला. त्याहून वाईट म्हणजे, त्या घराचं पुढे काहीही वाईट झालं नाही. दोन महिन्यांत ते दुसऱ्या कोणी घेतलं, बाईंनी सही केली, कोणी रडलं नाही, आणि ते लोक आजही तिथे मजेत राहतात. आईने हे फौजीला कधीच माफ केलं नाही. ती बाल्कनी आमच्या घरात पुढे अनेक वर्षं बोलण्यात येत राहिली.

त्यानंतर त्याने आम्हाला आणखी किती घरं नाकारायला लावली, ते मी मोजलं नाही. एक बोअरचं पाणी खारं म्हणून, एक मालक तारखा चुकवतो म्हणून, आणि एक चौकीदार मालकाला सलाम करत नाही म्हणून. चौकीदार, इस्त्रीवाली, कोपऱ्यावरचा किराणावाला, यांच्याशी तो मालकापेक्षा जास्त वेळ बोलायचा. बाबा सुरुवातीला वैतागायचे. मग एक दिवस मी पाहिलं, तर तेही इस्त्रीवालीजवळ उभे राहून विचारत होते, वरच्या मजल्यावरचे लोक कपडे किती दिवसांनी नेतात. ही चौकशी कशासाठी, ते त्यांनाच ठाऊक.

शेवटी मिळालेलं घर तिसऱ्या मजल्यावर होतं, एका निवृत्त शिक्षिकेचं. यजमान गेले होते आणि ती कानपूरला लेकाकडे निघाली होती. मूळ सभासद तीच, रजिस्ट्री तिच्याच नावावर. पाणी मागितल्यावर ती न बघता हात घालून फडताळातला ग्लास काढून घेऊन आली, आणि फौजीने तो प्यावा म्हणून समोर उभी राहिली. "पीते क्यों नहीं?" तिने शाळेतल्यासारखं दरडावलं. फौजीने मान खाली घातली. तरी प्यायला नाहीच. बाथरूमच्या भिंतीवर त्याने तळहात ठेवला, मग गाल टेकवला, आणि म्हणाला, "सीलन है." पावसाळ्यात भिंत ओली होते, हे बाईंनीही लगेच कबूल केलं. तेवढ्यावर त्याने किंमत उतरवून घेतली. बाबा चकित झाले, कारण तेवढ्यात त्याच्या दोन टक्क्यांचे पैसे जवळजवळ निघाले होते.

रजिस्ट्री झाली. बाबांनी त्याला चेक दिला, त्याने पावती दिली, बाबांनी पावतीवरचं स्पेलिंग तपासलं. क्वार्टर सोडायची मुदत संपायला आठच दिवस राहिले होते. त्या आठ दिवसांत आम्ही नव्या घरात आलो. पहिल्या रात्री आम्ही तिघं गाद्या टाकून जमिनीवर झोपलो, आणि बाबा अंधारात म्हणाले, "आता इथून कोणी काढणार नाही." तो आवाज माझ्या मनातून जात नाही.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण रजिस्ट्रीच्या दुसऱ्याच दिवशी, म्हणजे शिक्षिकाबाई अजून सामान बांधत होत्या तेव्हा, बाबा माप घ्यायला म्हणून तिकडे गेले होते. जिन्याच्या तोंडाशी त्यांना फौजी दिसला. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेला, सुतळीने बांधलेला एक खोका घेऊन तो घाईघाईने उतरत होता. बाबांना पाहून तो थबकला, "साहेब" म्हणाला, आणि स्कूटरला किक मारून निघून गेला.

"विकणाऱ्याकडून चहासुद्धा घेत नाही, नाही का?" आई म्हणाली. तिच्या आवाजात विजय होता.

 बाबांनी घराच्या खरेदीची फाइल काढली. हो, घराचीही फाइल होती, टॅग लावलेली, पानांना क्रमांक दिलेली. शेवटच्या पानावर त्यांनी लिहिलं: 'दलालास विक्रेत्याच्या घरातून एक खोका नेताना पाहिले. विक्रेत्याकडूनही मोबदला घेतला किंवा कसे, याची खात्री होऊ शकली नाही. आक्षेप प्रलंबित.'

त्यानंतर फौजी कधीमधी यायचा. दिवाळीला, किंवा सहज त्या बाजूने जाताना. आमच्याकडे मात्र तो पाणी प्यायचा, चहाही घ्यायचा, देवळालीच्या थंडीच्या गोष्टी सांगायचा, मला 'बेटा' म्हणायचा. बाबांशी त्याची चांगली गट्टी जमली. दोघं संशयखोर माणसं समोरासमोर बसून साऱ्या जगावर शंका घ्यायची. पण बाबांनी त्याला खोक्याबद्दल कधी विचारलं नाही. मी एकदा म्हटलं, "बाबा, विचारून टाका ना एकदाचं." ते म्हणाले, "विचारलं आणि त्याने खोटं सांगितलं तर? माणूस चांगला आहे गं. राहू दे प्रलंबित." बाबा गेले तेव्हा फौजी तेराव्याला आला, कोपऱ्यात बसला आणि निघून गेला. मग त्याचं येणंही कमी होत गेलं.

पुढे आईच्या गुडघ्यांनी तिसरा मजला नाकारला. मी तोवर गुडगावला लिफ्टच्या इमारतीत राहत होते. फरीदाबादला मेट्रोचे खांब उभे राहत होते, घरांच्या किमती बऱ्या होत्या, आणि आईने घर विकायचं ठरवलं. जाहिरात पाहून एका शनिवारी एक तरुण जोडपं आलं. दोघं नोकरी करणारे, कुठल्याशा लांबच्या गावाहून आलेले, चेहऱ्यावर तीच भीती, जी मी दुकानाच्या पायरीवर बसलेल्या बाबांच्या चेहऱ्यावर पाहिली होती. त्यांच्या मागून, कठड्याला धरत, एक एक पायरी चढत फौजी आला. वाळला होता. केस पांढरे झाले होते. मी आनंदाने "अहो फौजीसाहेब!" म्हणून पुढे झाले.

"नमस्ते मॅडम," तो म्हणाला. "पाणी मिळेल?"

मॅडम! मी आत जाऊन पाणी आणलं. त्याने ग्लास हातात धरला आणि प्यायला नाही. आमच्याच घरात, ज्या घरात त्याने शंभर वेळा चहा प्यायला होता, तिथे तो ग्लास धरून माझ्याकडे असा बघत होता, की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई सोफ्यावरून हळूच मराठीत म्हणाली, "ओळखसुद्धा दाखवत नाही बघ. काहीतरी आहे." त्याला मराठी येतं हे ती विसरली होती, किंवा नसेलही विसरली.

मग त्याने कागद मागितले. रजिस्ट्री पाहिली, जी त्यानेच करून दिली होती. मग म्हणाला, "साहेबांचा डेथ सर्टिफिकेट. असली, कॉपी नाही. आणि वारस किती? दोघींच्या सह्या लागतील."

माझा आवाज चढला. "तुम्ही स्वतः तेराव्याला आला होतात ना?"

"आलो होतो, मॅडम. पण ह्यांनी नाही बघितला." त्याने त्या जोडप्याकडे बोट केलं.

मी रागाने सर्टिफिकेट आणून आपटलं. त्याने ते उजेडात धरून वाचलं. बाबांच्या नावापाशी त्याचं बोट जरा थांबलं, असं मला वाटलं. वाटलं असेल नुसतं. मग तो सरळ बाथरूममध्ये गेला, भिंतीवर तळहात ठेवला आणि त्या जोडप्याला म्हणाला, "इस दीवार में सीलन है. पुरानी है. ये लोग बताएँगे नहीं, मैं बता रहा हूँ." आम्ही ती भिंत दोनदा दुरुस्त केली होती. तरी किंमत उतरलीच, आणि या खेपेला आमच्या खिशातून.

ते खाली उतरले तशी मी मागोमाग गेले. राग होता, पण त्याच्या वाळलेल्या मनगटाकडे पाहून वाईटही वाटत होतं. त्याला बाजूला घेऊन म्हटलं, "फौजीसाहेब, या व्यवहारात आमच्याकडूनही काही घ्या. बाबा असते तर त्यांनी दिलं असतं."

तो दोन पावलं मागे सरला. हातसुद्धा मागे घेतले. "नाही मॅडम. आज मी तुमचा नाही."

जिना चढून वर येईपर्यंत माझा राग कुठच्या कुठे गेला होता. जिन्यातच मी थांबले आणि मला रडू आलं. सतरा वर्षांपूर्वी याच जिन्यावर बाबांनी जी शंका घेतली होती तिचं उत्तर मला आत्ता मिळालं होतं. तेव्हाही तो असाच, आमच्या बाजूने, समोरच्या शिक्षिकाबाईंशी वागला असणार. आज समोरच्या बाजूला आम्ही होतो, एवढाच फरक. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "थांब. अजून रजिस्ट्री व्हायची आहे. शेवटी मागेल बघ."

त्याने मागितलं नाही. रजिस्ट्री झाली, त्या दोघांनी त्याला त्याचे दोन टक्के दिले, आणि किल्ल्या द्यायला आम्ही सगळे घरी आलो. नवं जोडपं खोल्यांमधून फिरत होतं. फौजी खुर्चीवर टेकला, लांब श्वास सोडला आणि म्हणाला, "वहिनी, आता चहा चालेल." मग माझ्याकडे वळून, "बेटा, साखर कमी घाल. डॉक्टर रागावतो."

आईने सामान बांधलेल्या खोक्यांतून एक कप शोधून काढला. चहा पुढे ठेवला, समोर बसली आणि सतरा वर्षं दाबून ठेवलेला प्रश्न तिने विचारून टाकला. "ते राहू दे. त्या खोक्यात काय होतं?"

"कुठला खोका?"

"मास्तरीणबाईंच्या घरातून काखेत मारून नेलात तो. ह्यांनी पाहिलं होतं."

फौजी आठवत राहिला. मग एकदम हसायला लागला, ठसका लागेपर्यंत हसला. "वहिनी! लोणचा होता तो! रजिस्ट्री झाल्यावर बाई बोलल्या, आतातरी पाणी पी. मी प्यायलो. तर त्यांनी लोणच्याची बरणीच दिली. साहेब समोर आले आणि मला इतकी शरम वाटली, की मी पळालो."

"बरणीला एवढा मोठा खोका?" आई म्हणाली.

"फुटू नये म्हणून, वहिनी. आत गवत होता."

आईने हुं केलं. तो चहा संपवून उठला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि कठड्याला धरत खाली उतरला. त्यानंतर मला तो भेटला नाही. दोन वर्षांनी त्या मार्केटात गेले तर 'मकान'ची पाटी नव्हती. तिथे मोबाइलची कव्हरं विकत होते. फौजीसाहेब गेले, असं शेजारच्या दुकानदाराने सांगितलं. आता कोणी मला विचारलं, की घर घेताना दलालाला वेगळे पैसे द्यावेत का, तर मी विचारते, तो कोणाकडे जेवतो? आणि नव्या घरात गेले की पाणी मागते.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. फौजीसाहेब उतरून गेल्यावर आई बाबांची फाइल शोधायला लागली. बांधलेल्या तिसऱ्या खोक्यात ती सापडली. तिने शेवटचं पान काढलं, चष्मा पुसला आणि माझ्याकडे पेन मागितलं. मी म्हटलं, मी लिहिते. "तू नको," ती म्हणाली, "संशय माझा होता." बाबांच्या बारीक अक्षराखाली तिने आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं: 'खोक्यात लोणचं होतं, असं सांगतात. आक्षेप मागे.' खाली सही केली. मग जरा थांबली, माझ्याकडून तारीख विचारून घेतली आणि तीही घातली, कारण तारखेशिवाय बाबांनी ते चालवून घेतलं नसतं.